घाबरला तरी त्याच आईचा

आदरणीय अध्यक्ष श्री. नंदकुमार पाठारे, आजचे सत्कारमूर्ती आणि या संशोधन केंद्राचे मावळते संचालक डॉ. दिनानाथ टिपणीस, सत्काराला त्यांच्याइतक्याच पात्र असूनही व्यासपीठाखाली बसवलेल्या त्यांच्या पत्नी मीनावहिनी, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, ज्यांना मी ओळखत नाही म्हणजे ते निश्चितच मोठे असणार, केंद्रातील शास्त्रज्ञ, प्राणिगृहातील कर्मचारी, आणि शेवटच्या रांगेत भिंतीला खुर्च्या टेकवून बसलेले माझे बंधू आणि भगिनी,

मी शास्त्रज्ञ नाही. बातमीदार आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या बातम्या आमच्या दैनिकाला पुरवतो आणि उरलेल्या वेळी, लहानपणी पाठशाळेत शिकलेले संस्कृत विसरू नये म्हणून धडपडतो. अशा माणसाला इथे का बोलावले असेल? निमंत्रण स्वतः टिपणीससाहेबांनी फोनवरून दिले. साहेब म्हणाले, ‘शास्त्रज्ञ फार रुक्ष बोलतात हो. तुम्ही जरा रसाळ बोला. धीट वंश कधी डगमगला नाही, हे वाक्य तेवढे राहू देऊ नका.’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. आजचे माझे सगळे भाषण त्या एका वाक्यावरच आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांना दीपस्तंभ म्हटले. एकाने म्हटले, दुसऱ्याने म्हटले, तिसऱ्याला दुसरा शब्द सुचेना म्हणून त्यानेही म्हटले. उपमा मला मान्य आहे. मी खाडीकाठी राहतो. दीपस्तंभाचे काम काय असते? ‘इकडे येऊ नका, फुटाल,’ असे रात्रंदिवस सांगत राहणे. साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहिलेल्या कुणालाही विचारा, उपमा किती नेमकी आहे ती.

प्राणिगृहाचे गोटीराम म्हात्रे यांनी मला दारातच अडवून बजावले आहे, ‘तात्या, सुरुंगाचे आदी आटपा. नाय तं लोकांचं ध्यान तिकडं जातंय.’ मागच्या डोंगरावर दगडखाण आहे आणि संध्याकाळचा सुरुंग पाच वाजून गेल्यावर केव्हाही होतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो आहे. गोटीराम, मी प्रयत्न करतो, पण बोलायचे बरेच आहे.

कारण आज सत्काराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट व्हायची आहे. चहापानापूर्वी अध्यक्षमहाराज केंद्राच्या नव्या प्रमुखाचे नाव जाहीर करणार आहेत. चर्चेत नावे दोनच. एक आमचे दिलीपराव सबनीस, जे आज सूत्रसंचालन करीत आहेत आणि आत्ताच मला घड्याळ दाखवीत आहेत. दुसरे नाव डॉ. सुमेधा कर्णिक यांचे. वर्षभर त्या तळोज्याच्या गोदामात पिंपांवर लक्ष ठेवून आहेत. आजही त्या आल्या आहेत आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या आहेत. साहेबांनी जाता जाता शिफारस कुणाची केली, ते मी सांगत नाही. शिफारशीचे कारण मात्र सांगणार आहे. ते उंदरांतून आलेले आहे.

तेव्हा थोडेसे उंदरांविषयी. हे केंद्र चालवणाऱ्या औषध कंपनीला मनाच्या घोरासाठी गोळी काढायची होती. घोर तपासायचा तर घोर करणारा प्राणी हवा. म्हणून सत्तरच्या दशकात, या इमारतीला अजून रंग लागायचा होता तेव्हा, साहेबांनी इथे उंदरांचे दोन वंश धरले. धिटाचे लग्न धिटाशी आणि भित्र्याचे भित्र्याशी. पत्रिका पाहायची नाही, स्वभाव पाहायचा. पिढ्यामागून पिढ्या असे करत गेले की एका बाजूला जन्मजात धीट उंदीर आणि दुसऱ्या बाजूला जन्मजात भित्रे. आमच्या समाजानेही स्वभाव सोडून बाकी सगळे पाहून हाच उद्योग शतकानुशतके केला आहे, त्यामुळे मला कल्पना समजायला अवघड गेली नाही.

धीट कोण नि भित्रा कोण, हे ठरवायचे कसे? पूर्वी मोठ्या मोकळ्या पेटीत सोडून बघत. अलीकडे परदेशी नियतकालिकात वाचून साहेबांनी तुर्भ्याच्या सुताराकडून एक साधन करून घेतले. अधिकाच्या चिन्हासारख्या चार फळ्या, जमिनीपासून उंचावर. समोरासमोरच्या दोन फळ्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा. धीट असेल तो उघड्या फळीवर जातो, टोकावरून खाली डोकावतो, मिश्या हलवतो. भित्रा असेल तो भिंतींच्या आत शिरतो आणि तिथेच बसतो. सुताराला वाटले देव्हारा आहे, म्हणून त्याने कडेला नक्षी केली होती. साहेबांनी ती तासून घेतली. विज्ञान आणि नक्षी त्यांना एकत्र चालत नसे. भिंतीवरची मानपत्रे मात्र चालत.

आता प्रयोगाचा गाभा. रोज थोडा वेळ उंदराला जाळीच्या अरुंद नळीत कोंडायचे. दुखवायचे नाही, उपाशी ठेवायचे नाही. फक्त वळता येऊ नये, पुढे जाता येऊ नये, मागे येता येऊ नये. सरकारी कचेरीत काम असलेल्या माणसाला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. असा ताण काही दिवस दिल्यावर उंदराला पुन्हा फळ्यांवर सोडायचे आणि बघायचे, ताणाने धीट उंदीर भित्रा होतो का? साहेबांचे उत्तर ठाम होते. नाही. धैर्य रक्तात असते आणि रक्त ताणाने बदलत नाही. १९८६ च्या हिवाळ्यात त्यांनी मला केंद्र दाखवले, तेव्हा आकडेही दाखवले. धीट वंशातला एकही उंदीर ताणानंतर भिंतींच्या आत शिरलेला नव्हता. एकही नाही. मी चकित झालो. इतके निर्दोष कुळ रघुवंशानंतर माझ्या ऐकिवात नव्हते.

मी अडाणी माणसाचा प्रश्न विचारला. ‘साहेब, एकसुद्धा घाबरला नाही?’

साहेब प्रसन्नपणे म्हणाले, ‘जो घाबरतो तो धीट वंशाचा नसतोच. त्याला आम्ही त्याच्या खऱ्या वंशात पाठवतो.’

मंडळी, हे वाक्य मला दोनदा ऐकावे लागले. धीट पिंजऱ्यात जन्मलेला, धीट आईबापांचा उंदीर ताणानंतर भिंतीआड शिरला की त्याच्या शेपटीवरची खूण बदलून त्याला भित्र्यांच्या पिंजऱ्यात टाकायचे. म्हणायचे, जन्माच्या वेळी नोंद चुकली असावी. मग धीट वंशाचा आकडा काढायचा. तो निर्मळ येणार नाही तर काय होणार? यात लपवाछपवी नव्हती बरे. दर सोमवारी उघडपणे हे व्हायचे. दिलीपराव पिंजऱ्यांमधून फिरायचे आणि मागून साहेब. सगळे याला ‘पंगत बदलणे’ म्हणत. शंका कुणालाच येत नव्हती, हे यातले थोर आश्चर्य. आपण अशा देशात वाढलो, जिथे चुकलेल्याला पंगतीतून उठवले की उरलेली पंगत शुद्ध होते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. परदेशी शास्त्रज्ञाला ही चूक सुचलीच नसती. ती करायला आपलेच संस्कार हवेत.

आमच्या पाठशाळेत या दोषाला अन्योन्याश्रय म्हणत. ‘अ’ कशावरून? ‘ब’ वरून. आणि ‘ब’ कशावरून? ‘अ’ वरून. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, जमिनीवर पाय कुणाचाच नाही. गुरुजी उदाहरण द्यायचे शेजारच्या गावातल्या एका शास्त्र्यांचे. त्यांचा एकही शिष्य परीक्षेत नापास होत नसे. कसा होईल? नापास झालेल्याला ते म्हणत, ‘तू माझा शिष्यच नव्हेस, नुसता जेवायला येत होतास.’ ते शास्त्री गावाबाहेर कुणाला माहीत नव्हते. आमचे साहेब परिषदांना विमानाने जात, एवढाच फरक.

त्या दिवशी माझ्यासमोरच एक उंदीर भिंतीआड शिरून बसला. गोटीरामांनी त्याला उचलले, बोटाने पाठ चोळली आणि विचारले, ‘सायेब, ह्यो पन बाटला. नेऊ का पल्याडच्या आळीला?’

खोलीत सगळे हसले. साहेबही हसले. हसली नाही ती एकच बाई, हातात घड्याळ घेऊन फळ्यांजवळ उभी असलेली. त्या सुमेधा कर्णिक. गिरगावातून रोज कंपनीच्या बसने यायच्या, पुढे कोपरखैरण्यात लहानशी खोली घेतली. आवाज हळू, वाक्य पुरे. त्या म्हणाल्या, ‘सर, घाबरला तरी तो त्याच आईचा आहे.’

मी बातमीदारीत बऱ्याच मोठ्या माणसांची बरीच मोठी वाक्ये लिहून घेतली आहेत. आठवत एकही नाही. हे आठवते.

साहेब तेव्हाही हसले. पण सुमेधाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांच्या वाट्याच्या पिंजऱ्यांची पंगत त्यांनी बदलूच दिली नाही. घाबरलेला धीट उंदीर धिटांतच ठेवला आणि त्याचा आकडा धिटांतच धरला. त्यातून जे निघाले ते साध्या मराठीत सांगतो, चुकलो तर त्या मागे बसल्या आहेत, सुधारतील. ताणाने भित्रे फारसे बदलले नाहीत. ते आधीच भिंतीआड होते, आणखी कुठे जाणार? मोडले ते धीट. चांगले टोकावर उभे राहून खाली डोकावणारे उंदीर भिंतीला अंग घासत बसले. म्हणजे रक्तात धैर्य असते हे साहेबांचे म्हणणे खरे. पण त्या धैर्याला रोज नळीत कोंडले तर ते टिकत नाही, हेही खरे.

आणि यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ताण थांबवून हे मोडलेले उंदीर आपल्याच भावंडांत राहू दिले, तर त्यांतले बरेचसे पुढे हळूहळू उघड्या फळीवर परतले. साहेबांच्या पद्धतीने परक्या पिंजऱ्यात टाकलेल्यांपैकी मात्र बहुतेक परतले नाहीत. आता भित्रे कुणी केले त्यांना? नळीने की पंगतीने?

एवढे महत्त्वाचे काम इथे, तुर्भ्यात, या पत्र्याच्या छपराखाली झाले. साहेबांनी त्याचे काय केले? वाद घातला नाही, खोडून काढले नाही. त्याला अभ्यास लागतो. त्यांनी सुमेधाबाईंचे टेबल उचलून केबिनबाहेरच्या बोळात ठेवले, जिथून येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो. रोज सकाळी बोलावून दारात उभे करायचे आणि फोन संपला की ‘नंतर या’ म्हणायचे. ‘नंतर’ गेले की ‘आत्ता कशाला आलात?’ प्राणिगृहाची किल्ली काढून घेतली. मग तळोजा. कामावरून काढले नाही हो, बढती दिली, पगारही तोच. दुखवायचे नाही, उपाशी ठेवायचे नाही. फक्त वळता येऊ नये.

साहेब, आपण मान हलवत आहात. प्रयोगाची पद्धत मी बरोबर सांगितली, असा मी त्याचा अर्थ घेतो.

मग गेल्या महिन्यात मुंबईहून निवड समिती आली. कंपनीची बातमी द्यायची म्हणून मीही मागच्या खुर्चीवर होतो. सुमेधाबाईंना तळोज्याहून आयत्या वेळी गाडी पाठवून बोलावले आणि सांगितले, बोला. त्या उभ्या राहिल्या. टेबलाची कड धरली. तोंड उघडले. आवाज आला नाही. पाणी दिले, तरी नाही. ज्या बाईने भरल्या खोलीत साहेबांना एका वाक्यात सुनावले होते, ती तिथे नुसती उभी होती.

साहेब अध्यक्षांकडे वळून म्हणाले, ‘पाहा. मी म्हणत होतो ना, मूळचाच भित्रा पिंड आहे.’

तेव्हा मला टिपणीससाहेबांची सगळी विद्वत्ता एकदम समजली. सगळी म्हणजे फार नव्हे, एका वाक्याएवढीच आहे. आधी कोंडायचे, मग घाबरला की म्हणायचे आमचा नव्हेच. उंदरांवर जमले, माणसांवर चालवले. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येतून हाती लागलेली पद्धत ती हीच. आणि या केंद्रात आज इतके शहाणे लोक माना खाली घालून बसले आहेत, ते काय जन्मतः तसे आले होते? दिलीपराव, तुम्ही विद्यापीठात वादविवाद स्पर्धा जिंकायचात, असे तुमच्याच पत्नीने मला सांगितले. रागावू नका. मी तुम्हाला भित्र्यांत काढत नाही. मी तेच म्हणतो आहे.

तिथे अध्यक्षमहाराजांनी एक चांगली गोष्ट केली. निर्णय पुढे ढकलला. आज तो लागणार आहे, आणि मी ऐकतो की साहेबांनी आज दुपारी जेवताना त्यांना पुन्हा तेच वाक्य ऐकवले. म्हणून मी…

झाला. हाच तो सुरुंग. बसा, बसा, काही नाही. गोटीराम, तुमचा शब्द राखता आला नाही, क्षमा करा.

मंडळी, आपल्यापैकी कुणी हलले नाही. रोजचेच आहे. अध्यक्षमहाराज थोडे दचकले, पण ते पाहुणे आहेत. आणि साहेब, आपण तर खुर्चीतून अर्धे उठलात, हार खांद्यावरून घसरला, आणि आपला हात अजून मागच्या भिंतीवर आहे. आश्चर्य नाही. आपली केबिन वातानुकूलित, काचा बंद, आणि चारलाच आपली गाडी वाशीकडे निघायची. इतक्या वर्षांत हा आवाज आपण बहुधा आज पहिल्यांदाच उघड्यावर ऐकला. मीनावहिनी, त्यांना पाणी द्या.

साहेब, हसायचे आम्हाला काही कारण नाही. आम्ही हसत नाही. आपण भिंतीला हात लावलात म्हणून कुणी आपल्याला उठवून दुसऱ्या रांगेत नेऊन बसवणार नाही. आपली खुर्ची तीच, हार तोच, नारळ तोच. कुणी म्हणणार नाही की जन्माच्या वेळी आपली नोंद चुकली असावी. आपल्या पद्धतीपेक्षा आमची पद्धत एवढीच वेगळी आहे. आपल्याला जे आत्ता, काही न मागता, मिळाले, तेच तळोज्याहून आलेल्या एका बाईला मिळावे, एवढेच माझे मागणे.

अध्यक्षमहाराज, नाव कुणाचे घ्यायचे तो अधिकार आपला. मी बाहेरचा माणूस, मला मत नाही. पण नाव घेण्यापूर्वी ज्या सभेत सुमेधाबाईंचा आवाज गेला, तिच्यासारख्याच सभेत, त्यांच्याच माणसांमध्ये त्यांना एकदा बोलू द्या. आवाज फुटला तर ऐका. नाही फुटला तर थांबा. उंदरांनाही वेळ दिला होता.

दिलीपराव मला थांबवायची चिठ्ठी घेऊन निघाले होते, ते मध्येच का थांबले? अच्छा. सुमेधाबाई उठल्या आहेत. नाही, कडेने येऊ नका, बाई. तिकडे भिंतीलगत खुर्च्या आहेत. मधून या. मध्ये सगळी जागा मोकळी आहे. कुणीतरी तो पंखा जरा बाजूला घ्या. दिलीपरावांनी चिठ्ठी खिशात घातली आहे आणि ते माइकची उंची कमी करीत आहेत. माझ्यासाठी ती कमी करण्याची गरज नव्हती.

मग मला आवरते घेतले पाहिजे. टिपणीससाहेबांना निवृत्तीचे आयुष्य निरोगी आणि निवांत जावो; खाणीपासून दूर घर घ्यावे. मीनावहिनींचे आभार, त्यांनी इतका वेळ मला थांबवले नाही. अध्यक्षांनी खुर्ची माझ्याकडून तिकडे वळवली आहे, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. संयोजकांनी मला रसाळ बोलायला सांगितले होते, ते जमले नसेल. समारंभाला न शोभणारे काही माझ्या तोंडून गेले असेल तर ते मला उद्देशून शांतपणे सांगा, मी शेवटच्या रांगेतच सापडेन. आता तिथली एक खुर्ची रिकामी झाली आहे.

या, बाई. घाई नाही.